तटाखालची वाट

एकदा एका राजाला ज्योतिष्यांनी सांगितले, की युवराजाला दुःखाचे दर्शन घडले तर तो राज्य सोडून ख्रिस्ताच्या मार्गाला लागेल. राजा हट्टी होता. त्याने ख्रिस्ती तपस्व्यांना हद्दपार केले, परत येईल त्याला देहदंड फर्मावला आणि मुलाला उंच तटाच्या आत वाढवले. तटाखालूनच स्मशानाची वाट जाई. ती बदलणे राजालाही जमले नाही. म्हणून प्रेतयात्रा आली की नगारा वाजवायचा, असा शिरस्ता पडला. रडणे आत पोहोचत नसे. युवराजाला तो उत्सवाचा नगारा वाटे आणि तो नाचू लागे. वीस वर्षे मुलगा नाचत राहिला आणि बाप कौतुकाने पाहत राहिला. त्या बापाचा मला राग येतो, आणि कीवही येते.

एके दिवशी नगाऱ्याला कातडे चढवणारा एक म्हातारा आला. तो खरे तर हद्दपार झालेल्यांपैकीच एक तपस्वी होता.

"नीट ताण, बाबा," युवराज म्हणाला. "याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कशाचा नाही."

"हा कधी वाजतो, ठाऊक आहे?"

"सण असला की."

म्हातारा कातडे ताणत राहिला. थोड्या वेळाने पहारेकऱ्याने तटावरून खूण केली. वादकाने टिपऱ्या उचलल्या, तोच म्हाताऱ्याने हातातली सुरी खुपसून कातडे टरकन फाडले.

युवराज संतापला, पण तो काही बोलण्याआधीच खालून आक्रोश ऐकू आला. त्याने तटावर चढून खाली वाकून पाहिले. तिरडीवर त्याची दाई होती. ती लेकीकडे राहायला गेली, असे त्याला सांगण्यात आले होते.

"म्हणजे दर वेळी..." त्याने फाटक्या नगाऱ्याकडे पाहिले.

"दर वेळी कोणीतरी गेले होते, युवराज, आणि आपण नाचत होता. दोष आपला नाही. आपल्याला कोणी रडूच दिले नाही. माझा प्रभू मित्राच्या कबरीपाशी उभा राहून रडला होता. ज्याला माणसाचे रडणे ऐकू येत नाही, त्याला देवाची हाकही ऐकू येत नाही. एवढेच सांगायला आलो होतो."

युवराज पुष्कळ वेळ रडला. मग म्हणाला, "बाबा, आता आपण पळून जा."

"मी पळालो तर या वादकाचे डोके जाईल," म्हातारा म्हणाला आणि तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी नव्या कातड्याचा नगारा सकाळीच वाजला. कोणासाठी, हे युवराजाला या वेळी ठाऊक होते. सज्जात उभा राहून राजा मुलगा नाचण्याची वाट पाहत होता. युवराजाने पायातले चढाव काढून ठेवले आणि तटाचा दरवाजा उघडायला लावला. म्हाताऱ्याच्या तिरडीला तिघेच होते. चौथा खांदा त्याने दिला.