रुमालाखालच्या तीन थापा

सांगा मंडळी, विश्वास टाकावा तर कोणावर? जो मधासारखं बोलतो त्याच्यावर, की जो खरं सांगताना अडखळतो त्याच्यावर? उत्तराची घाई नको. माझं सारं आयुष्य बाजारात गेलं, तरी मलाही ते चटकन सांगता येत नाही. आधी गोष्ट ऐका.

एका राज्यात रंगसेन नावाचा राजा होता. त्याच्या राज्यात लाल शालू रंगत, आणि तसा लाल पृथ्वीवर दुसरीकडे नव्हता. राजाच्या आजाने डोंगरावरच्या सिंदूरनाथ मांत्रिकाकडून एक माणिक आणलं होतं. ते कुंडात सोडलं की पाणी लाल होई, आणि त्या पाण्यात बुडवलेलं वस्त्र जन्मात विटत नसे. देशोदेशीचे व्यापारी शालू नेत, लेकीबाळी ते नेसून बोहल्यावर उभ्या राहत.

पण फुकटात रंग कोण देतो? माणिक तो दुसरीकडून उचलत होतं. आधी पोपटांचा हिरवा गेला. मग पळसाचा केशरी गेला. मग रंगाऱ्यांच्या घरी बाळं जन्मली ती पांढरीफटक, ओठसुद्धा पांढरे. तेव्हा राजा डोंगर चढून गेला आणि म्हणाला, "नाथा, तुझं माणिक परत घे."

"घेतो," मांत्रिक म्हणाला. "पण धंदा तुझ्या एकट्याचा नाही. जे रंगवतात, जे विकतात, जे नेसतात, त्या तिघांना सांग. तिघांच्या तोंडून 'कळलं' निघालं की शाप सुटेल. 'रुचलं' म्हणायची सक्ती नाही. मात्र तुझ्या नावाने खोटं बोललं गेलं, तर तुझं अंग तांब्याचं होत जाईल. तांबं माथ्यावर पोचलं की माणिक कायमचं तुमचं."

राजा परतला. माणिक गेलं की लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांतून काढावा लागणार होता, आणि हे तिघांना सांगायचं काम त्याने प्रधान मधुपालाला सोपवलं. मधुपाल माणूस वाईट नव्हता, फक्त कुणाचं उतरलेलं तोंड त्याला बघवत नसे.

त्या राज्यात सौदे रुमालाखाली होत. एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने तो धरायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभा असेल त्याला पत्ता लागत नसे. मी रीतीला नावं ठेवत नाही. बैलाचा सौदा तसा खुशाल करावा. पण बातमी म्हणजे बैल नव्हे.

मधुपालाने बातमीही रुमालाखाली नेली. रंगाऱ्यांचा हात दाबून पुटपुटला, "तुमचं काम आहे तसंच राहील." राजा गुडघ्यापर्यंत तांब्याचा झाला. व्यापाऱ्यांना म्हणाला, "नवा लाल जुन्याहून पक्का." तांबं कमरेला आलं. पेठेतल्या बायांना म्हणाला, "अहो, बदललंय कुठे काय?" तांबं हनुवटीला टेकलं.

आता राजकन्या कुवलया हिची एक बोलकी साळुंकी होती. ऐकलेलं गाळणं तिला माहीत नव्हतं. ती प्रधानाच्या पागोट्यावर बसून हिंडली आणि तिन्ही थापा चौकातल्या विहिरीवर मोठ्याने म्हणून मोकळी झाली. झालं! रंगारी व्यापाऱ्यांना लबाड म्हणू लागले, व्यापारी रंगाऱ्यांना चोर, आणि बाया दोघांनाही. सारे वाड्याच्या दारावर आले.

राजा कसाबसा बोलला, "पोरी, कुणाला दुखू नये एवढंच मधुपालाच्या मनात होतं गं."

"बाबा, आता बोलू नका. हनुवटी हलवली की किणकिण वाजतं," कुवलया म्हणाली. तिने डोळे पुसले, साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि ती निघाली. आणखी एक खोटं, आणि बाप गेला, हे तिला ठाऊक होतं.

पहिल्यांदा ती रंगाऱ्यांकडे गेली. आवडाई नावाची म्हातारी त्यांची म्होरकी. कोपरापर्यंत लाल हात कमरेवर ठेवून ती म्हणाली, "या राजकन्ये. आज कोणती साखर आणलीत?"

"साखर नाही, आई. माणिक जाणार. यापुढे मंजिष्ठेची मुळं खणायची, कुटायची, उकळायची. काम वाढेल. वर्षभर कमाई घटेल. तेवढं वर्ष धान्य राजाच्या कोठारातून मिळेल. पण पोरांच्या गालांवर रंग परत येईल."

आवडाईने मांडीवरच्या पांढऱ्या नातवाकडे पाहिलं. "हे आधीच सांगायला त्या मधुपालाची जीभ काय कुंडात पडली होती? रुचलं नाही हो. पण कळलं."

मग ती व्यापाऱ्यांकडे गेली. हेमाडशेट गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांनी हात पुढे केला, वर रुमाल टाकला. "बोला ताईसाहेब. आमच्यापुरतं काय ते."

कुवलयाने रुमाल उचलून बाजूला ठेवला. "तुमच्यापुरतं असं काही नाही, शेटजी. रंगाऱ्यांना काय सांगितलं ते आधी ऐका." साळुंकीने ते शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. मग कुवलया म्हणाली, "नवा रंग विटेल. किंमत उतरेल. पक्का म्हणून ज्यांचा विसार घेतलात, त्यांना तो परत करा. अर्धा तोटा वाड्याचा."

"आणि आमची अब्रू?"

"ती तुमच्याच हाती. लोकांना आधी कळलं तर जाईल. तुम्ही आधी सांगितलंत तर राहील."

शेटजींनी मिशी ओढली. मग खो खो हसले. "रुमालाशिवाय सौदा म्हणजे धोतराशिवाय वरात! पण कळलं, ताईसाहेब. कळलं."

शेवटी ती पेठेत गेली, आणि हे काम सर्वांत कठीण. गंगावती नावाची एक बाई लेकीच्या लग्नासाठी शालू निवडत होती. तिने विचारलं, "हा टिकेल ना गं? माझ्या आईचा अजून तसाच आहे."

वाड्यात राजा हनुवटीपर्यंत तांब्याचा होऊन बसला होता. एक गोड 'हो' जिभेच्या टोकावर आला. कुवलयाने तो गिळला.

"नाही, मावशी. नातीच्या बारशापर्यंत फिका पडेल."

बाईने शालू खाली ठेवला. बाया उठू लागल्या. तेवढ्यात नवरी मुलगी म्हणाली, "फिका पडला तर पुन्हा रंगवून द्याल?"

हे काही कुवलयाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती अडखळली. "मला ठाऊक नाही. रंगाऱ्यांना विचारते. तोवर थांबाल?"

साळुंकी उडाली. बाया थांबल्या, खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते पाहायला थांबल्या. साळुंकी परत आली आणि थेट आवडाईच्या खरखरीत आवाजात म्हणाली, "आणा म्हणावं! हात मोडलेत काय आमचे? नातीच्या बारशाला तिच्या आईचा शालू नवा करून देऊ. आणि बारशाच्या घुगऱ्या तेवढ्या इकडे धाडा!"

गंगावतीला हसू आवरेना. तिने शालू पुन्हा उचलला. "म्हणजे रंगाऱ्यांकडे माहेरासारखं येणं-जाणं होणार म्हणा की. कळलं गं बाई, कळलं."

तो शब्द निघाला मात्र, माणिक कुंडातून बुडबुड्यासारखं वर आलं आणि डोंगराकडे उडून गेलं. पोपट हिरवे झाले. पळस पेटला. आवडाईच्या नातवाने लाल तोंड करून असा टाहो फोडला की आळीभर ऐकू गेला. राजाच्या अंगावरचं तांबं पापुद्र्यांनी गळून पडलं. मधुपालाने राजाचे पाय धरले. राजा त्याला रागे भरला नाही. त्याने प्रधानाला रंगाऱ्यांत, व्यापाऱ्यांत आणि पेठेत बसून लोकांचे प्रश्न ऐकायचं काम दिलं, आणि उत्तर ठाऊक नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणायची ताकीद दिली. पहिले काही दिवस ते शब्द त्याच्या घशात अडकत. पुढे सवय झाली.

आणि राजाच्या अंगचं तांबं? ते आवडाईने झाडून गोळा केलं आणि तांबटाकडून त्याचा मोठा हंडा करून घेतला. पुढे मंजिष्ठा त्याच हंड्यात उकळत असे. कुणी नवा रंगारी कामावर आला की ती हंड्यावर पळी वाजवून म्हणे, "जपून रे, राजा आहे आत."

तर मंडळी, विश्वास कोणावर टाकावा ते आता तुम्ही ठरवा. माझं मागणं एवढंच. गल्ल्यावर बसाल तेव्हा हिशेब सच्चा ठेवा, उघड्यावर मांडा, आणि रुमाल घाम पुसायला राहू द्या.