घाटातल्या वळणाची साक्ष

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजे स्वतः बाजारात फिरायचे, निदान तसं सांगतात तरी. लहानग्यांनो, जरा पुढे सरकून बसा. मोठ्यांनीही उठून जाऊ नका. खरं तर ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

एका राज्यात एक उंच घाट होता. घाटाखाली समुद्र आणि मिठागरं, घाटावर बाजारपेठ. राहीआक्का नावाची एक बाई बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून हा घाट चढायची. नवरा केव्हाच वारलेला, पोरबाळ नाही. होता तो बांड्या, अंगावर तांबडे ठिपके असलेला तिचा बैल. आक्का वाटभर त्याच्याशीच बोलायची. वळण आलं की म्हणायची, "जपून रे," आणि तोही खरोखर जपून पाय टाकायचा.

त्या घाटाची एक रीत होती. उतरणाऱ्यानं बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधायची. वळणापलीकडून घुंगरं ऐकू आली की चढणाऱ्यानं डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहायचं. एवढी एक रीत पाळली की घाटात कुणाच्या केसालाही धक्का लागत नसे.

आता त्या राजाच्या कारभाऱ्याला एक मेहुणा होता. मेहुणा काय, कुणालाही असतो, त्यात वावगं काहीच नाही. पण या गृहस्थाचा तोच उद्योग होता, कारभाऱ्याचा मेहुणा असणं. त्याच्याकडे धमणी होती, म्हणजे माणसांनी बसून हिंडायची हलकी बैलगाडी, आणि ती भरधाव पळवण्याची त्याला भारी हौस. गळ्यात माळ आली की बैलांचा वेग कमी होतो, असं त्याचं ठाम मत होतं.

एका बाजाराच्या सकाळी तो असाच माळेविना घाट उतरत आला. मधल्या मोठ्या वळणावर बांड्या चढत होता. आक्काला चाहूलच लागली नाही. धमणीचं चाक बांड्याच्या मागच्या पायावरून गेलं, गोणी फाटल्या, मीठ रस्ताभर सांडलं. मेहुणेबुवांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि आपल्या बैलांवर पुन्हा चाबूक ओढला.

त्या वळणावर एक पाणपोई होती. पाणपोईवाल्यानं सगळं पाहिलं. पानांची करंडी घेऊन निघालेल्या तांबोळ्यानं पाहिलं. कापसाच्या गाडीवरच्या दोघा भावांनीही पाहिलं. सगळे धावले, बैलाला कडेला घेतलं, आक्काला पाणी पाजलं. तांबोळ्यानं तर मेहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग जो तो आपल्या वाटेनं गेला.

बांड्या त्यानंतर उठलाच नाही. आक्का त्याच्या पायाला हळदीचा लेप लावायची, तोंडाशी चारा धरायची, रात्री गोठ्यातच अंथरूण टाकायची. एका पहाटे त्यानं मान टाकली.

त्या राज्यात बैलाच्या बदल्यात बैल, असा कायदा होता. आक्का मेहुण्याच्या दारी गेली. आतून निरोप आला, मालक अंघोळीला बसलेत. पुन्हा गेली, तर मालक पूजेत होते. त्यानंतर मालक सासुरवाडीला गेलेले होते, आणि त्यांचा खोकला मात्र माजघरातून ऐकू येत होता. शेवटी एकदाचा तो ओसरीवर आला.

"बैल तुझा आंधळा होता बाई," तो म्हणाला. "रस्त्याच्या मधोमध आला. उलट माझं चाक वाकलं, ते कोण भरून देणार?"

आक्का परतली. बैल गेल्याचं दुःख तिनं कसंबसं गिळलं असतं. पण बांड्याला आंधळा म्हटलेलं तिला गिळवेना. ज्यानं जन्मभर तिला वाट दाखवली, त्याला मेल्यावर हे ऐकावं लागलं, म्हणून ती जीव तोडून रडली.

दर बाजाराला देवळाच्या सभामंडपात न्यायाधीश बसत. माणूस म्हातारा आणि सरळ. आक्कानं दावा मांडला. मेहुण्यानं ठासून सांगितलं की माळ होती आणि बैल आंधळा होता. न्यायाधीश म्हणाले, तो एक सांगतो, तू एक सांगतेस, आणि मी काही घाटात नव्हतो. पाहिलेलं माणूस घेऊन ये.

पाहिलेली माणसं काय थोडी होती? आक्का पाणपोईवाल्याकडे गेली. तो म्हणाला, पाणपोई कारभाऱ्यांच्या दानावर चालते, आक्का, तूच समजून घे. तांबोळ्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. कापसावरच्या भावांना एकाएकी आठवलं, की त्या क्षणी ते आपल्याच बैलांकडे बघत होते. सगळ्यांनी तिला बसायला दिलं, गूळपाणी दिलं, हळहळही पोटातून केली. मंडपात यायला मात्र कुणी तयार होईना.

तेव्हापासून आक्का डोक्यावर टोपली घेऊन घाट चढू लागली. डोक्यावर मीठ ते किती मावणार? पोटापुरतं जेमतेम सुटायचं. वळणावर आलं की सवयीनं तोंडातून "जपून रे" निघून जाई, आणि मागे पाहावं तर रिकामा रस्ता.

पोळा आला. आक्कानं सकाळपासून पुरण वाटलं, पोळ्या केल्या, ताट वाढून गोठ्यात गेली. दारात पाऊल टाकल्यावर तिच्या लक्षात आलं, की ताट ठेवायचं कुणापुढे? गावात हलगी वाजत होती, सजवलेले बैल मिरवत होते. आक्का रिकाम्या दावणीशी ताट मांडीवर घेऊन बसून राहिली.

तरी दर बाजाराला ती मंडपात जाऊन उभी राहायची. माझा दावा अजून उभा आहे, एवढंच सांगायची. न्यायाधीश विचारायचे, साक्ष मिळाली का, आणि ती नकाराची मान हलवायची. हळूहळू ती दिसली की लोक दुसऱ्या गल्लीनं जायला लागले. वाईट म्हणून नाही हो, तिच्या नजरेला नजर देणं जड जायचं.

पोळ्यानंतरच्या बाजाराला आक्का मोठ्या वळणावर टोपली उतरवून दम खात बसली होती. पाणपोई त्या दिवशी बंद होती. वरून मेहुण्याची धमणी उतरत होती, आणि नवल म्हणजे तिच्या बैलांच्या गळ्यात माळा वाजत होत्या. पोळ्याला घातलेल्या माळा गड्यांनी काढल्याच नव्हत्या, दुसरं काही कारण नव्हतं. खालून राजाच्या एका पाहुण्याचा रथ चढत होता. सारथ्यानं घुंगरं ऐकली, आणि ऐकूनही रथ मधूनच दामटला. धमणी दरीत गेली. एक बैल जागीच मेला, मेहुण्याचा हात मोडला.

सारथ्यानं राजाला सांगितलं, घुंगरं नव्हतीच. लोकांना ते लगेच पटलं. मेहुणा कधी माळ बांधत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आणि कारभारी? त्यांनी मेहुण्याला दारातूनच सांगितलं, की राजाच्या पाहुण्याशी वाकडं घेणं काही जमायचं नाही.

मग मेहुणेबुवा गळ्यात हात बांधून आक्काच्या दारी आले.

"आक्का, तू होतीस तिथं. माळ वाजत होती. तू ऐकलीस ना?"

तुमचे बैल आंधळे असतील, हे शब्द आक्काच्या ओठांवर आले होते, आणि खोटं कशाला सांगू, त्यांची चव गोडही लागत होती. पण भरल्या मंडपात शेजारी कुणी नसताना उभं राहणं काय असतं, ते तिला माहीत होतं. ते तिला वैऱ्यालाही देववेना.

"ऐकली," ती म्हणाली. "येईन मी."

मंडप माणसांनी फुलून गेला होता. साक्षीची तिथं एक रीत होती. जो साक्षीदार आणी, त्यानं साक्षीदाराच्या ओंजळीत पाणी घालून म्हणायचं, "या माणसाची जीभ खोटी नाही." आणि हा शब्द एका दाव्यापुरता नसे, एकदा दिला की सगळ्याच बाबतीत धरला जाई. मेहुण्यानं घाईघाईनं पाणी घातलं आणि शब्द उच्चारले. आक्कानं पाहिलं ते, ऐकलं ते, जसंच्या तसं सांगितलं. सारथी खाली बघू लागला.

न्यायाधीशांनी पाहुण्याला बैल भरून द्यायला सांगितलं. मग ते मेहुण्याकडे वळले.

"हिची जीभ खोटी नाही, असं आत्ता तूच म्हणालास. मग हिच्या बैलाला दिसत होतं की नव्हतं?"

मेहुण्यानं कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभारी उपरण्याची घडी नीट करण्यात गुंतले होते.

"दिसत होतं," तो म्हणाला. "माळ मीच बांधली नव्हती."

पाहुण्याकडून मिळालेला बैल त्यानं तिथंच आक्काच्या हाती दिला. आणि काय सांगू, मंडपाला एकदम वाचा फुटली. पाणपोईवाला पुढे झाला, तांबोळी पुढे झाला, ते दोघे भाऊही आले. सगळे सांगू लागले, आम्हीही पाहिलं होतं आक्का, अगदी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आक्कानं कासरा हाताला गुंडाळला.

"तुम्ही पाहिलं होतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "कुणीच पाहिलं नसतं, तर मला इतकं एकटं वाटलं नसतं."

आक्का नवा बैल घेऊन घाट उतरून गेली. त्या दिवसापासून त्या राज्यात नियम झाला, की घाटात अपघात पाहिलेल्यानं पुढच्या बाजाराला आपणहून मंडपात यायचं, बोलावण्याची वाट पाहायची नाही.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: डोळ्यांनी पाहिलेलं खरं वेळेवर बोलावं, कारण पाहून गप्प राहणारे जितके जास्त, तितका सोसणारा एकटा पडतो.