एका 'अदर'चा गुण

हंगामी शिक्षिका शलाका तारळेकर हिने इंग्रजीच्या चाचणीत संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांच्या नातीचा एक गुण कापला. नातीने वर्गातल्या केदारबद्दल लिहिलं होतं, 'केदार इज टॉलर दॅन एनी बॉय इन द क्लास.' 'एनी'नंतरचा 'अदर' लिहायचा राहिला आणि पहिला नंबर हुकला. भाऊसाहेब तडक शिक्षकखोलीत आले.

"एवढ्याशा 'अदर'नं काय बिघडतं, बाई? नोकरी टिकवायचीय ना?"

शलाकाने उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर ठेवली. "भाऊसाहेब, 'अध्यक्ष शाळेतल्या इतर सगळ्यांपेक्षा हुशार आहेत,' हे बरोबर. स्वतःपेक्षा तर कुणी हुशार नसतो; 'इतर' गाळलं, तर त्या सगळ्यांत तुम्ही नाहीच. म्हणजे तुम्ही शाळेतलेच नाही! सांगा, 'अदर' ठेवू, की तुमची खुर्ची उचलू?"

भाऊसाहेब खदखदून हसले.

"गुण कापलेलाच राहू द्या, बाई. खुर्ची तेवढी असू द्या!"