चौदा चिंचोके

आश्विन वद्य द्वादशी. पहाटे धुकं होतं, नऊनंतर कोरडं ऊन पडलं, वारा नव्हता. त्या दिवशी एका गावातला एक म्हातारा मोजणीदार आपली जुनी निळी गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबला. तिथे एक बाई घड्याळं आणि मीटर दुरुस्त करत असे.

मोजणीदाराने चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. त्याची साखळी कधी वीतभरही चुकली नाही, असं गाव म्हणे. गाडीचं मीटर मात्र सात वर्षांपासून बंद होतं. वेगाचा काटा हले, पण किलोमीटरचे आकडे हलत नसत. ते ४१,९०७ वर थांबले होते.

"सात वर्षं काय करत होतात, काका?" बाईने विचारलं.

"काही अडत नव्हतं."

"मग आज काय अडलं?"

"विकतोय गाडी. क्लच दाबायला गुडघे कुरकुर करतात. भुसार दुकानदार घेतो म्हणतो, पाडव्याच्या मुहूर्तावर. पण मीटर चालू हवं आणि आकडा खरा हवा, असं त्याचं म्हणणं."

बाईने मीटर उघडलं. आतल्या एका बारीक चाकाचे दोन दात झिजून गेले होते.

"चाक मी बसवते. जुन्या घड्याळातलं पितळेचं आहे, घासून होईल. पण आकडा किती पुढे सरकवायचा ते तुम्ही सांगायचं. सात वर्षांत गाडी कुठे कुठे गेली ते आठवा. शंभर किलोमीटरला एक चिंचोका." तिने चिंचोक्यांची बरणी आणि एक परात त्याच्यापुढे सरकवली.

मोजणीदार आठवू लागला. दर आठवड्याचा बाजार, तालुक्याचा दवाखाना, कचेरी, तीन लग्नं, एका मित्राचं तेरावं. तो मुठीमुठीने चिंचोके टाकत होता आणि बाई मोजत होती. ब्याऐंशी झाले.

मग त्याचा हात मंदावला.

"आणि बहिणीकडे. दर भाऊबीजेला. जाऊन येऊन दोनशे किलोमीटर. सात वर्षांचे चौदा." हे चौदा त्याने एकेक करून ठेवले.

"रस्ता कसा आहे हो तिकडचा?"

"चांगला आहे. नदीपाशी तेवढा वेळ जातो. गाडी तराफ्यावर चढवायची, आणि नावाड्याची बिडी संपेपर्यंत तराफा काही हलत नाही."

बाईने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"काका, माझं सासर नदीपलीकडचं. तो तराफा बंद होऊन आठ वर्षं झाली. आता पूल आहे तिथे."

मोजणीदार परातीतले चिंचोके बोटाने सारखे करू लागला.

"माझ्याकडे लोक येतात ते आकडा कमी करून मागायला," बाई म्हणाली. "त्यांना हाकलता हाकलता माझे केस पिकले. वाढवून मागणारे तुम्ही पहिलेच!"

मोजणीदार हसला नाही. परातीकडे बघत म्हणाला, "नऊ वर्षं झाली तिच्याकडे जाऊन. पहिल्या दिवाळीला घाटात गाडीचा पट्टा तुटला. दुसऱ्या दिवाळीला मला ताप. तिसऱ्या दिवाळीला वाटलं, आता कोणत्या तोंडाने जायचं? पुढची सगळी वर्षं त्या तोंडाचीच."

"आणि त्या काही म्हणत नाहीत?"

"दर दिवाळीला तिचं पत्र येतं. त्यात एकच ओळ: पाट मांडून ठेवते. लहानपणी मला भीती घालायची, तू आला नाहीस तर मी चंद्राला ओवाळीन. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी ओट्यावर बसतो. ती बारीक कोर बुडेपर्यंत बघत राहतो. आता गाडी दुसऱ्याकडे जाणार. म्हटलं, निदान मीटरवर तरी मी तिच्याकडे गेलेला असेन."

बाईने चौदा चिंचोके उचलून एका वाटीत ठेवले.

"आकडा काय, कोणताही लागतो. पाडव्याला सकाळी सांगा, कोणता लावू."

पाडव्याला सकाळी दुकानदार मोजणीदाराच्या आधीच येऊन बसला होता. हातात नारळ, खांद्यावर झेंडूचा हार. "चला काका, चावी द्या. मुहूर्ताचा दिवस आहे."

नवं चाक बसलं होतं. मीटर उघडंच होतं, आणि शेजारी ती वाटी.

मोजणीदाराने वाटीकडे पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाला, "दोन दिवस थांबाल? परवा सकाळी गाडी तुमच्या दारात आणून लावतो."

"पाडवा परवाही असतो का हो? आज नाही तर नाही. शेजारच्या गावात दुसरी गाडी बघून ठेवलीय मी."

"उद्या मला बहिणीकडे जायचंय."

"या गुडघ्यांनी? घाट चढून? अहो, बसने जा की!"

"तिला या गाडीचा आवाज ओळखीचा आहे."

दुकानदार उठला, हार खांद्यावर नीट केला आणि शेजारच्या गावाला निघून गेला. मोजणीदाराने वाटी उचलली आणि चौदा चिंचोके बरणीत ओतले.

"ब्याऐंशीच धरा, बाई."

बाईने आकड्यांच्या चकत्या फिरवल्या आणि काच बसवली. मीटरवर ५०,१०७ आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघाला. घाटात गुडघ्यांसाठी दोनदा थांबला. पुलावर गाडी हळू करून त्याने खाली पाहिलं. तराफा बांधायचे खुंट अजून काठावर उभे होते.

तो पोचला तेव्हा सूर्य नुकताच मावळला होता. बहीण अंगणात पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. हातात तबक, तबकात निरांजन. गाडी थांबली, दार वाजलं. तिने मान वळवली नाही.

"थांब तिथेच," ती म्हणाली. "अर्धं ओवाळून झालंय. मधेच सोडता येत नाही."

"बरं."

"खटारा तसाच वाजतो अजून."

"हो."

"पाट आत मांडलाय. पाय धुऊन बस. आलेच मी."

त्या वेळी मीटरवर ५०,१९५ होते. शंभराच्या जागी अठ्ठ्याऐंशी किलोमीटर झाले होते. पुलाबरोबर झालेल्या नव्या सरळ रस्त्यामुळे वाट बारा किलोमीटरने कमी झाली होती. कोर बुडायला अजून अर्धा तास होता. दुकानदाराने दुसरी गाडी घेतली. निळी गाडी मोजणीदाराकडेच राहिली.

तात्पर्य: ज्यांची ओढ आहे त्यांच्याकडे न जाता कितीही आकडे लावले, तरी अंतर तेवढंच राहतं. निघालं की ते कमी व्हायला लागतं.