राणीचा पांगरा

एक होता राजा. त्याला चिखलाचं भारी वावडं, बरं का. पायाला जरा माती लागली की झाला थयथयाट! मग त्यानं काय केलं, झाडं तोडली, तळं बुजवलं आणि सगळं नगर काळ्या फरशीनं मढवलं. उरला फक्त राणीचा पांगरा.

राणीचं नाव सगुणा. तिचं माहेर डोंगरावर. त्यांच्यात रीतच होती, लेक सासरी निघाली की माहेरच्या पांगऱ्याची फांदी द्यायची, ती तिनं सासरी लावायची. पांगरा फुलला की लेकीनं तिकडून निघायचं, आईनं इकडून, आणि मधल्या ओढ्यावर भेटायचं. वर्षातून ही एकच भेट.

फरशी घातली त्या साली पांगरा लवकर फुलला. सगुणा ओढ्यावर धावली, तर आई नाही! संध्याकाळी डोळे पुसत परतली. पुढच्या साली पांगरा आणखी लवकर फुलला. तेव्हाही आई नाही. आता निरोप धाडावा की नाही? पण बाई मानी! आईच विसरली म्हणून रुसून बसली. हसू नका, तुम्ही तरी काय वेगळे आहात!

तिसऱ्या साली भर थंडीत पांगरा फुलला. ओढ्यावर पुन्हा आई नाही. तिचं काही बरंवाईट तर झालं नसेल? सगुणा खाली बसली. हात मातीवर टेकला, तर माती गारेगार! नगरातली फरशी पहाटेसुद्धा कोमट असायची. दिवसभराचं ऊन पोटात धरून बसायची ना ती! सगुणानं वळून पाहिलं. नगराच्या तटापलीकडे तिचा पांगरा लालेलाल दिसत होता. ओढ्याकाठचे पांगरे मात्र बोडके, आणि वर डोंगरही बोडकाच.

"अगं बाई! आईचा पांगरा अजून फुललाच नाही!"

मग ती परत गेलीच नाही. धनगरांच्या पालात राहिली. आणि नवल ऐका. रोज सकाळी लाली थोडी पुढे आलेली! आधी तटालगतचे पांगरे फुलले, मग बांधावरचे, मग ओढ्याकाठचे. वसंत पायी पायी आईकडे निघाला होता! सगुणा रोज बघत राहिली. लाली डोंगर चढली, आणि एका सकाळी पार वरचा, आईच्या दारचा पांगरा फुलला. काठी टेकत आई खाली आली.

"आलीस गं बाय! दोन वर्षं इथून रिकामी परतले. म्हटलं, राणी झाली, विसरली."

"मी येऊन गेले होते गं, आई!" दोघी गळ्यात पडून रडरड रडल्या.

राणीला शोधत राजा पालखीतून आला. त्यानं सगळं ऐकलं. आपल्या स्वच्छ पायांकडे बघून पार ओशाळला. मग पहिली फरशी त्यानं स्वतःच्या हातानं उखडली. तळं खणलं, झाडं लावली. सावली वाढली तशा रात्री गार होत गेल्या, आणि एका साली दोन्ही पांगरे एकाच दिवशी फुलले!

तिकडून आई आली, इकडून सगुणा. मागून राजा, गुडघ्यापर्यंत चिखलात! जावयाचे पाय धुतात ना, ते आईनं ओढ्याच्या पाण्यानं धुतले. धुण्याजोगे पाय पहिल्यांदाच मिळाले हो तिला!

मग सगळे सुखात राहिले. आणि तुमचे पाय? धुतलेत ना? मग ओढा पांघरूण आणि मिटा बघू डोळे.