वेशीतली पालथी पाटी

तांबडवाडीला मार्गशीर्षात, लढाईच्या दिवशी आलात, तर वेशीच्या आत भर रस्त्यात एक बांबूची पाटी पालथी घातलेली दिसेल. एसटी तिच्या अलीकडेच थांबते. ड्रायव्हर नवा असला तर हॉर्न वाजवून बघतो, मग एखादी म्हातारी जाऊन त्याच्या हातावर गूळ ठेवते आणि त्याला गप्प बसवते. पाटीखाली काय आहे, असं पाहुणे हमखास विचारतात. उचलून बघायची घाई करू नये, आधी गोष्ट ऐकावी.

पहिल्या महायुद्धाच्या वेळची ही गोष्ट. आमचा मुलूख कोरडा, शेतात धोंडे जास्त आणि दाणे कमी, म्हणून पोरं पलटणीत जायची. त्या वर्षी सात जण निघाले. त्यांत सगळ्यांत लहान चिमाबाईचा ज्ञानू. चिमाबाई विधवा, ज्ञानू एकुलता एक, आणि बाई जिभेची अशी तिखट की भावकीनेसुद्धा तिच्या बांधाला कधी हात लावला नाही म्हणे. तिने पोराला सोडायचं साफ नाकारलं. तेव्हा सातांमधला वडीलधारा खाशाबा पुढे झाला. वेशीच्या दगडावर हात ठेवून त्याने भैरोबाची आण घेतली, "जाताना सात, येताना सात. एक जरी कमी असला, तर मी या वेशीच्या आत पाऊल टाकणार न्हाई, काकी." त्या शब्दावर चिमाबाईने ज्ञानूचा हात सोडला.

लढाई झाली ती पार बसऱ्याच्याही पलीकडे. तिथून एकच माणूस परत आला, आणि तो खाशाबा होता. गाव हलगी वाजवत वेशीवर आलं, तर गडी दगडापाशी बसलेला, उठायला तयार नाही. बायको रखमा रडली, पाटलांनी समजावलं, गुरवाने कौल लावून पाहिला, तोही लागेना. देवाची आण मोड म्हणून सांगायची कोणाची छाती होईना. मग रखमा रोज भाकरी घेऊन वेशीबाहेर जायची आणि रिकाम्या घरात परत यायची. थंडी वाढत होती आणि गडी दिवसेंदिवस खंगत चालला होता.

चिमाबाई तेवढी तिकडे फिरकली नाही. ती गेली तर खाशाबाची धडगत नाही, असं लोक बोलायचे. खरं तर तिला भीती वाटत होती. तो बोलला की ज्ञानू गेला हे खरं होणार होतं. घरी ती लेकाच्या वहाणा रोज झटकून जागेवर ठेवायची. ज्ञानूच्या डाव्या पायाचा अंगठा लहानपणी मोटेच्या दोरात सापडून वाकडा झाला होता, म्हणून ती एक वहाण मुद्दाम रुंद करून घेतलेली. एके दिवशी ती झटकता झटकता तिच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, ती तशीच उठून वेशीबाहेर गेली. लढाई झाली त्याचीच ती तिथी होती म्हणे.

"सरकारी बूट चावला असंल त्येला," ती म्हणाली. राम राम नाही, की रडणं नाही.

खाशाबाने मान वर केली. "लई चावायचा, काकी. अंगठा सुजायचा. मग मी चाकूनं बुटाला तेवढंच भोक पाडलं. सायबानं बूट नासला म्हणून मला उन्हात उभं केलं."

"मग?"

"मग चालला की. शेवटपातूर पाय दुखला न्हाई त्येचा."

चिमाबाई त्याच्या शेजारी बसली. आपल्या लेकाच्या अंगठ्याची काळजी तिकडेही कोणी घेत होतं, या सुखानेच तिला जास्त रडू आलं, असं सांगतात. पोटभर रडून झाल्यावर ती घरी गेली आणि पाण्याचा तांब्या अन् भाकरीचा तुकडा घेऊन परत आली. तिच्यामागून बाकीच्या पाच घरांतल्या बायाही आल्या.

"ऊठ, दगडावर उभा ऱ्हा," ती खाशाबाला म्हणाली. "सात जणांनी आत यायचं ठरलंय न्हवं? मग आण सगळ्यांस्नी. आमच्या पोरांस्नी आता पाय न्हाईत. तुजं पाय दे त्येंला उसनं."

एकेका घरची बाई पुढे झाली. तिने आपल्या माणसाच्या नावाने हाक मारली, खाशाबाच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. प्रत्येक हाकेला खाशाबा म्हणाला, "आलो." शेवटी चिमाबाईने ज्ञानूला हाक मारली, आणि खाशाबाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बोल बाबा. आई हाक मारतीया."

"आलो गं आये," खाशाबा म्हणाला, आणि त्याने वेशीच्या आत पाऊल टाकलं.

एकटा माणूस चालत गेला, पण मागे धुळीत ओली पावलं उमटली ती सातांची, असं सांगतात. मी काही बघायला नव्हतो. त्यातल्या एका डाव्या पावलाचा अंगठा वाकडा होता म्हणे. कोंबड्या उकरतील, गाड्या जातील, म्हणून चिमाबाईने त्या पावलावर पाटी पालथी घातली आणि दिवस मावळेपर्यंत शेजारी बसून राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हळूच सांगायची, "दमून आलाय. जरा बसू द्या."

आजही त्या दिवशी गावातले निवृत्त जवान अनवाणी त्या दगडावर उभे राहतात. नंतरच्या लढायांत गेलेल्यांचीही नावं आता हाकेत आली आहेत. घरची बाई हाक मारते, पाणी घालते, आणि उभा असलेला म्हातारा "आलो" म्हणतो. दिवस मावळला की पाटी उचलतात. खाली धूळच असते, पण तिच्यावरून हात फिरवल्याशिवाय कोणतीही आई घरी जात नाही.

तेव्हा पाहुणे, आलाच आहात तर बूट काढून ठेवा आणि दगडापाशी या. नावं पुष्कळ आहेत, आणि गावात पाय कमी पडतात.