पाणी चावतं गं, गिरके!

एक होती काचेची टाकी. टाकीत राहायची झिपरी मासोळी. शेपटी लांब, झुळझुळ झुळझुळ. आणि राहायची गिरकी गोगलगाय. एवढीश्शी! हरभऱ्याएवढी. पाठीवर गोल गोल घर, म्हणून नाव गिरकी.

लोक म्हणतात, गोगलगाय नि पोटात पाय. आपल्या गिरकीच्या पोटात राग होता, राग! आणि का नसावा? ऐका तर.

एके दिवशी झिपरी नाचेना. वर वर येऊन तोंड उघडी, तोंड मिटी. पुक पुक पुक.

"काय झालं गं?"

"पाणी चावतं गं, गिरके! श्वास घेववेना!"

गिरकीनं पाहिलं. पाणी तर स्वच्छ. पाण्याला दात नाहीत, दाढा नाहीत. तरी चावतं!

"अरे वा रे वा! पाणी आमचं, घर आमचं, आणि आम्हालाच चावतं? हा कुठला न्याय?"

रागारागानं गिरकी निघाली. काचेवरून वर, काचेवरून खाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. हसू नका. गोगलगायीचं धावणं असंच असतं.

मोरीत होता लाल मग. टाकीचं पाणी तोच बदलायचा.

"मगदादा मगदादा, चल ना! पाणी चावायचं सोडेना. हा कुठला न्याय?"

मगाचं नाव मग, बोलणंही मग. तो म्हणाला, "आधी बादली भरेल, मग मी!"

गिरकी गेली बादलीकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"बादलीताई बादलीताई, भर ना! मग हलेना, पाणी चावायचं सोडेना. हा कुठला न्याय?"

बादली म्हणाली, "आधी नळ वाहील, मग मी!"

गिरकी चढली नळावर. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"नळभाऊ नळभाऊ, वाहा ना! बादली भरेना, मग हलेना, पाणी चावायचं सोडेना. हा कुठला न्याय?"

नळ म्हणाला, "आधी बाबा सोडेल, मग मी!"

बाबा कुठे होता? टाकीसमोर. लेकीला, छोट्या रेवूला, भात भरवत होता. गिरकी पुन्हा उलटी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"बाबा बाबा, ऊठ ना! नळ वाहेना, बादली भरेना, मग हलेना, पाणी चावायचं सोडेना. हा कुठला न्याय?"

बाबा म्हणाला, "आधी रेवूचा भात संपेल, मग मी!"

रेवूचे गाल फुगलेले. एका हातात माशांच्या खाऊची डबी.

"रेवू रेवू, खा ना! बाबा उठेना, नळ वाहेना, बादली भरेना, मग हलेना, पाणी चावायचं सोडेना. हा कुठला न्याय?"

रेवू म्हणाली, "आधी झिपरी खाईल, मग मी!"

झालं! गिरकी काचेवर चढली, टाकीत उतरली. सुळुक सुळुक, डुबुक!

"झिपरे झिपरे, खा ना! रेवू खाईना, बाबा उठेना, नळ वाहेना, बादली भरेना, मग हलेना, पाणी चावायचं सोडेना. हा कुठला न्याय?"

झिपरी म्हणाली, "कशी खाऊ? पाणी चावतं ना! आणि तळाशी बघ. कालचा खाऊ, परवाचा खाऊ. मी पुरे म्हणत होते, रेवू टाकत होती. उरलेला खाऊ कुजला, पाण्यात मिसळला. म्हणून तर पाणी चावरं झालं!"

तेवढ्यात वरून आलं, टप टप टप! आणखी खाऊ! गिरकीच्या डोक्यावर!

"खा गं झिपरे," रेवू म्हणाली. "अजून एक चिमूट!"

मग मात्र गिरकी जी भडकली! काचेवर चढली. रेवूच्या नाकासमोर नाक आणलं. आणि ओरडली,

"पुरे!"

रेवू दचकली. बाबा दचकला.

"सगळे आपले मग मी, मग मी! मग मग करता झिपरीचा जीव जाईल! रेवू, तुझं पोट भरलं की तू काय म्हणतेस?"

"पुरे म्हणते."

"बाबा ऐकतो?"

रेवूनं बाबाकडे पाहिलं. "नाही ऐकत! म्हणतो, अजून एक घास!"

"आवडतं तुला?"

"मुळीच नाही!"

"झिपरीलाही नाही आवडत!"

रेवूनं झिपरीकडे पाहिलं. पुक पुक पुक. रेवूला फार वाईट वाटलं. तिनं डबीचं झाकण लावलं. टप्प!

"झिपरे, तुझं पुरे."

मग वाटीतला शेवटचा घास खाल्ला. गट्टम!

"बाबा, माझंही पुरे!"

बाबानं पातेल्यातून नवा चमचा भरला होता. त्यानं चमच्याकडे पाहिलं. गिरकीकडे पाहिलं. गिरकीचे डोळे केवढे वटारलेले! बाबानं चमचा खाली ठेवला.

"बरं बाई, पुरे तर पुरे."

रेवूनं खाल्लं, बाबा उठला. बाबा उठला, नळ सोडला. सुर्रर्र! नळ वाहिला, बादली भरली. थुड थुड थुड! बाबानं बादलीत औषधाचे थेंब टाकले, टुपुक टुपुक, म्हणजे नळाचं पाणी झोंबणार नाही. बादली भरली, मग हलला. बुडुक बुडुक! चावरं पाणी काढलं. सगळं नाही हं, अर्धंच. तळाचा कुजका खाऊही काढला. नवं पाणी घातलं, हळूच. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. गिरकी काचेवरून बघत होती. कुणाची टाळाटाळ चालू देईना.

आणि झिपरी? वरून खाली गेली. खालून वर आली. शेपटी झुळझुळ झुळझुळ!

"पाणी चावत नाही गं, गिरके!"

मगानं गिरकीला अलगद उचललं. म्हणाला, "गिरके, चुकलं आमचं. आधी तू घरी, मग मी!"

तेव्हापासून रेवू एकच चिमूट खाऊ घालते. कधी कधी हात पुन्हा डबीकडे जातो. मग काचेवर कोण येतं? सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. रेवू हात मागे घेते.

झिपरीला चिमूटभर खाऊ, रेवूला वाटीभर भात, तुम्हाला पोटभर गोष्ट. आणि आता?

पुरे!